मुशीचं तेल

सवत म्हणजे दोन पायांचीच असते असं ज्याला वाटतं, त्याला माझी सवत दाखवायला हवी होती. तिला चार चाकं होती, रंगाने पांढरीफेक होती, आणि रोज संध्याकाळी माझा नवरा तिला आमच्या खोलीला लागून असलेल्या झावळ्यांच्या मांडवाखाली आणून उभी करत असे. तो मांडवसुद्धा तिच्यासाठीच घातलेला. आमच्या खोलीचं छप्पर दोन ठिकाणी गळत होतं, ते तसंच राहिलं.

नवऱ्याचं नाव खंडेराव. बायकांनी नाव घेऊ नये म्हणतात, पण डोळे वटारणारी सासू आता राहिली नाही, तेव्हा घेते. आम्ही सोलापूरकडचे. खंडेराव आधी धरणाच्या कामावर मालट्रक चालवत. ते काम संपलं, आणि तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात आहे असं कळलं म्हणून सहासष्ट साली आम्ही इकडे आलो. सहा वर्षांत ही पाचवी खोली, कुंभवलीत. मुलगी शकू सात वर्षांची झाली होती आणि तिची नुसती पहिली इयत्ता तीन गावांत वाटून झाली होती.

खंडेराव ओल्सन साहेबाची गाडी चालवत. हा साहेब परदेशातून बांधकामावर आलेला, उंच, उन्हाने लाल झालेला, मनाने भला. त्याचा बंगला अगदी समुद्राच्या तोंडावर होता. रात्रभर खाऱ्या वाऱ्यात गाडी उभी राहू नये म्हणून त्याने ठरवून दिलं की संध्याकाळी ती आत, कुंभवलीला न्यायची. अशी ती माझ्या दाराशी आली.

साहेबाला गंजाचं एवढं भय का, ते आम्हाला कृष्णकांतने सांगितलं. कृष्णकांत ऑफिसातला कारकून, साहेबाचं बोलणं मराठीत करून सांगायचं कामही त्याच्याकडेच. साहेबाच्या मुलखात म्हणे चार-चार महिने बर्फ पडतं. रस्ते बंद होतात. मग ते वितळावं म्हणून ट्रक भरभरून मीठ आणून रस्त्यावर टाकतात. त्या मिठाचं पाणी गाडीच्या पोटाला लागतं आणि गाडी खालून कुजते. साहेबाच्या वडिलांच्या गाडीचा तळ असाच चौथ्या हिवाळ्यात गळून पडला होता. बाप वर बसलेला आणि पायाखालून रस्ता पळतोय! तेव्हापासून साहेब कुठलीही गाडी बघायला गेला की आधी तिच्याखाली आडवा होई.

मला गाडीपेक्षा मिठाचंच नवल वाटलं. आमच्याकडे चिमूटभर मीठ सांडलं तर मेल्यावर ते पापण्यांनी उचलावं लागतं. मी म्हटलं, "मग त्या लोकांच्या डोळ्यांना पापण्या तरी ऱ्हात असतील का?"

कृष्णकांत हसला. शकू हसली. खंडेराव हसले नाहीत. त्यांचं घरात बोलणं तीन शब्दांचं होतं: वाढ, पुरे, झोपतो. हसणं तर मी लग्नात एकदा पाहिलं होतं, तेही त्यांच्या मित्राकडे बघून.

साहेबाने एक शब्द दिला होता. पुढच्या दसऱ्यानंतर तो मायदेशी परत जाणार होता. वीजकेंद्रात तेव्हा ड्रायव्हरची एकच कायमची जागा भरायची होती, आणि ती साहेबाच्या चिठ्ठीवर मिळणार होती. चिठ्ठीला दोघे उमेदवार, खंडेराव आणि जीपवरचा बळवंत. साहेब खंडेरावांना म्हणाला, "जायच्या दिवशी मी गाडीचा तळ तपासणार. कुठूनही माझं बोट आत गेलं नाही, तर चिठ्ठी तुझी."

कायमची जागा म्हणजे कॉलनीत क्वार्टर. दोन खोल्या, घरात नळ, विजेचा दिवा आणि शकूला एकच शाळा. मी त्या न बांधलेल्या क्वार्टरमध्ये मनाने कितीदा केर काढला असेल! चूल कुठे, देव कुठे, सगळं ठरलेलं होतं. तुळस मागच्या दारी.

तेव्हा गाडीचा तळ वाचावा हे मलाही हवंच होतं. नाही कशाला म्हणू? पण तो ज्या तऱ्हेने वाचवला जात होता, ते मला बघवत नव्हतं.

आधी खंडेराव गाडीखाली जुनं इंजिन ऑइल फासत. ते महिन्याभरात धुऊन जाई आणि खाली तांबूस पुटकुळ्या दिसू लागत. मग एकदा साहेबाला घेऊन ते जवळच्या दांडी गावच्या किनाऱ्यावर गेले. तिथे वर ओढून ठेवलेल्या होड्या पाहिल्या. जन्मभर खाऱ्या पाण्यात राहिलेल्या होड्या, पण त्यांचे खिळे चकचकीत. कोळी लोक होडीच्या बुडाला मुशीच्या काळजाचं तेल लावतात. मुशी म्हणजे एक दांडगा मासा. त्याचं काळीज उकळून दाट पिवळं तेल काढतात. ते लाकूडही राखतं आणि लोखंडही. खंडेरावांनी ते घेतलं, आणि मग दर रविवारी घासलेटचा रिकामा डबा घेऊन त्यांची दांडीची फेरी सुरू झाली.

आमचं घर माळकऱ्यांचं. माझ्या माहेरी कांद्यालाही चातुर्मासात दाराबाहेर ठेवत. आणि आता माझ्या दाराशी मुशीचं तेल! तो वास काय सांगू. उशीला, पाटाला, देवाच्या वस्त्रालासुद्धा. मी खंडेरावांचे कपडे वेगळ्या दोरीवर वाळत घालायची. जेवताना पदर नाकाला लावायची. त्यांना काही फरक पडत नव्हता.

पण वासाने मी जळले नाही. जळले ती दुसऱ्याच गोष्टीने. रविवारी दुपारी खंडेराव गोणपाट अंथरून गाडीखाली उताणे पडत आणि चिंधीने ते तेल लावत. असं लावत, जणू तान्ह्या बाळाचं अंग चोळतायत. कोपरे न् कोपरे, बोटाने, मग फुंकर घालून. मधेच हात थांबवून नुसते बघत राहत. माझ्या टाचा भेगांनी उलल्या होत्या, चालताना रक्त यायचं. एकदा मुद्दाम त्यांच्यासमोर पाय पसरून बसले. ते म्हणाले, "पाय घे, डबा ठेवायचाय."

तुम्ही सांगा, कोणाला राग येणार नाही?

आतली झाडलोट तेवढी त्यांनी माझ्याकडे सोपवली होती. सीटवरची धूळ झटकायची, रबरी चटई पुसायची, बस्स. बाहेरून हात लावायचा नाही. मीही म्हटलं, बाहेरून तू त्यांची, आतून तू माझ्याच तावडीत आहेस. हे मी गाडीला म्हणायची. माणूस घरात बोलत नसला की बाई वस्तूंशी बोलायला लागते.

इथवर नुसती चिडचिड होती. मत्सर काय असतो ते पुढे कळलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी खंडेराव डबा घ्यायला विसरले. डबा नेऊन द्यावा म्हणून मी शकूला रखमाबाईकडे सोडलं. रखमाबाई आमची शेजारीण, वाणगावची. आणि मी दांडीच्या बैलगाडीत बसले. खरं सांगायचं तर डबा हे निमित्त होतं. मला बघायचंच होतं.

किनाऱ्यावर सुकत घातलेल्या बोंबलांच्या ओळी होत्या. त्यांच्या पलीकडे तीन दगडांवर मोठं भांडं चढवलेलं आणि एक कोळीण लांब पळीने ते ढवळत होती. ही लाडकी. दिसायला म्हणाल तर काही नाही, काळीसावळी, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठीच. लुगडं गुडघ्याच्या वर घट्ट कसलेलं, डोक्यात वेणी, हात कोपरापर्यंत तेलाने चमकणारे. ती बोलत होती, हातवारे करत होती, मान वाकडी करून काहीतरी करून दाखवत होती. आणि समोर वाळूत मांडी घालून माझा नवरा बसला होता. हसत होता.

नुसतं ओठांनी नाही. अख्खं अंग हलत होतं. डोळे पुसले त्यांनी. नऊ वर्षांच्या संसारात मी ज्या माणसाचे दात मोजू शकले नव्हते, त्याचे सगळे दात मला पन्नास पावलांवरून दिसले.

मला पाहून ते गप्प झाले. लगेच, दिवा विझवावा तसे. लाडकी मात्र मोकळेपणाने म्हणाली, "ये गो बाय, बस. तुजा नवरा लय गुणी हाय. तेलात राळ घातली का पावसात टिकते, त्या मीच सांगितला त्याला."

"मला माशाचा वास सोसत न्हाई," मी म्हटलं आणि डबा वाळूत ठेवून परत फिरले. सबंध वाटेवर माझ्या डोळ्यांपुढे ते दात होते. तिने त्याला राळेचं सांगितलं! त्याच्या कामातलं तिला कळतं, आणि मला काय कळतं? भाकरी. ही बया त्याला काय बोलून हसवते? आणि मी बोलले की त्याच्या तोंडाला कुलूप का लागतं?

घरी येऊन मी रखमाबाईच्या गळ्यात पडून रडले. ती म्हणाली, "नजर हाय गो ती. तेलावाटं नजर घातलीन तुज्या घोवावर. तेल त्याच्या हातान, हात त्याच्या तोंडान. दुसरा काय?"

उपायही तिनेच सांगितला. अमावस्येला मूठभर जाडं मीठ, मोहरी आणि सात मिरच्या नवऱ्यावरून ओवाळायच्या. तो जागा असताना जमणार नाही, तर झोपेत. आणि आपल्या लग्नातल्या कपड्याच्या तुकड्यात बांधून, तो जिथे जास्तीत जास्त वेळ बसतो त्याच्या खाली ठेवायच्या. "मिठाला पाणी सुटला का समज, नजर वढली त्यान. मग त्यान नवा मीठ घाल."

माझा नवरा जास्तीत जास्त वेळ कुठे बसत होता, हे काय विचारायचं झालं?

लग्नातल्या हिरव्या खणाच्या चोळीची बाही मी उसवली. पहिल्या अमावस्येला पुरचुंडी बांधली आणि दुसऱ्या दिवशी झाडलोट करताना ड्रायव्हरच्या सीटखाली, रबरी चटईच्या आत, अगदी कोपऱ्यात दडपून ठेवली. आठ दिवसांनी हात लावून पाहिलं, तर खण ओलाचिंब. एवढी नजर! मी मुठीने आणखी मीठ घातलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई गं, साहेबाची ती सगळी गोष्ट ऐकूनही? ऐकली होती. शब्द न् शब्द पाठ होती. पण ते मीठ रस्त्यावरचं, आणि हे ओवाळलेलं. ओवाळून काढलेलं मीठ हे मीठ राहतच नाही, असं आम्ही लहानपणापासून धरून चाललेलो. ते जेवणात घालायचं नसतं, त्याला ओलांडायचं नसतं. ते इडापिडा पिऊन बसलेलं काहीतरी निराळंच असतं. ही दोन्ही मिठं इथल्याच मिठागरातली, एकाच पोत्यातली, हे माझ्या डोक्याला एकदाही शिवलं नाही.

समुद्रकाठी जाडं मीठ बरणीतसुद्धा पाझरतं. तेही मला ठाऊक होतं. मत्सराला फक्त हवं तेवढंच ठाऊक असतं.

मग पावसाळा आला, आणि माझ्या मिठाने गुण दाखवला. खंडेरावांची दांडीची फेरी बंद झाली! ज्येष्ठापासून एकही रविवार ते गेले नाहीत. घरात राहू लागले. शकूला पाढे विचारू लागले. एकदा आमटी चाखून "बरी झालीय," म्हणाले. मी रखमाबाईला नवा खण देऊन तिची ओटी भरली. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, मासेमारी बंद असते, मुशीच नाही तर तेल कुठून येणार? तेल त्यांनी आधीच दोन डबे भरून ठेवलं होतं, राळ घालून. हे सगळं मला दिसत होतं. मला ते मोजायचं नव्हतं.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि त्या रविवारी खंडेरावांनी डबा उचलला. त्या दिवसापासून मी अमावस्येची वाट बघणं सोडून दिलं. दर शनिवारी मीठ घालू लागले. एक पुरचुंडी फाटली, तर चोळीची दुसरी बाही उसवली. घालताना मनात म्हणायची, हसशील ना, आता बघते कसा हसतोस.

सदुसष्टच्या दसऱ्याला आम्ही गाडीची पूजा केली. खंडेरावांनी तिला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते आपणहून माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "बोट न्हाई जायचं कुठून. म्या रोज बगतो. सामान बांधायला घे."

मी त्याच रात्री पितळी भांडी गोणीत भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आला. बरोबर कृष्णकांत, आणि बघायला म्हणून बळवंतही. मी शकूचा हात धरून दारात उभी. साहेबाने शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि गोणपाटावर उताणा होऊन गाडीखाली गेला. हातात बॅटरी आणि स्क्रू-ड्रायव्हर. खालून त्याचा आवाज येत होता. कृष्णकांत आम्हाला सांगत होता, "म्हणतो, असं काम माझ्या देशात कोणी केलेलं पाहिलं नाही. म्हणतो, हे तेल मी घरी घेऊन जाणार."

खंडेराव मान खाली घालून उभे होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, चल, कुठल्या का तेलाने असेना. लाडकीला साडी नेसवीन मी, शब्द माझा.

साहेब स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत पुढे सरकत होता. टण. टण. टण. मग एकदा आवाज आला तो वेगळा, ओल्या लाकडावर मारल्यासारखा. साहेब थांबला. पुन्हा ठोकलं. मग त्याने टोकाने दाबलं. तेलाच्या जाड थराखाली लोखंड उरलेलंच नव्हतं. टोक आत गेलं, आणि त्याने ते बाहेर ओढलं तसा तांबड्या भुग्याबरोबर, पाणी गळणारा, हिरव्या खणाचा एक बोळा त्याच्या छातीवर पडला.

साहेब बाहेर आला. चटई उचलली. सीटखाली ताटलीएवढं भोक होतं. त्याने बोळा उलगडला. मीठ, मिरच्यांची काळी सालं. त्याने बोट जिभेला लावलं आणि त्याचा चेहरा पडला. रागावला असता तर बरं झालं असतं.

कृष्णकांतने विचारलं, "खंडेराव, हे काय?"

खंडेरावांनी ते कापड हातात घेतलं. बोटांनी चोळून पाहिलं. माझ्या लग्नाचा खण त्यांनीच बाजारातून आणला होता, बुंदीएवढ्या पिवळ्या ठिपक्यांचा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

शकू म्हणाली, "आई, ह्यो तर तुझ्या..."

मी तिच्या तोंडावर हात दाबला. आजही तो हात मला आठवतो. तेवढ्यात मी पुढे होऊन "मी ठेवलं" म्हणाले असते, तर काय झालं असतं कोण जाणे. मी नाही म्हणाले.

"मैंने रखा, साब," खंडेराव म्हणाले. "गाडी को नजर न लगे इसलिए. मेरी गलती."

साहेब आमच्या पायरीवर बसला. मग उठून त्याने त्या भोकात बोट घालून पाहिलं, जणू दिलेला शब्द मोजून घेत होता. कृष्णकांत हळू आवाजात सांगत होता, "म्हणतो, खालून जे केलंस त्याला तोड नाही. पण बोट गेलं. म्हणतो, आणखी एक पावसाळा, आणि तू सीटसकट चालत्या गाडीतून खाली गेला असतास. तुझ्याच जागेखाली होतं ते."

तुझ्याच जागेखाली. मी दर शनिवारी मुठीने घातलेलं. मी उंबऱ्यावर बसले.

चिठ्ठी बळवंतला गेली. पुढे क्वार्टर तयार झाली तेव्हा त्याच्या बायकोने तिथे दूध उतू घातलं. मला बोलावणं होतं, मी डोकं दुखतंय म्हणून गेले नाही. मागच्या दारी तिने तुळस लावली असं कळलं. त्या तुळशीवरही मी जळले.

साहेब जाताना गाडी पालघरच्या एका डॉक्टरला भोकासकट स्वस्तात विकून गेला, आणि डॉक्टरांना सांगून गेला की ड्रायव्हर हाच ठेवा. तेव्हा आमची सहावी खोली पालघरजवळ, कोळगावात. शकूची चौथी शाळा. आणि मांडवाखाली सवत, आता कायमचीच.

या सगळ्या दिवसांत खंडेराव मला त्यावरून एक शब्द बोलले नाहीत. शिवी नाही, हात उगारणं नाही. वाढ, पुरे, झोपतो. मी रोज वाट बघायची, आज बोलतील, आज तोडतील. ती वाट बघणं मारापेक्षा वाईट होतं.

कोळगावातल्या पहिल्या रविवारी ते पत्र्याचं ठिगळ घेऊन गाडीखाली शिरले. रिबिट ठोकून झाले. मग तेलाचा डबा मागितला. मी डबा नेला आणि ठेवून परत फिरण्याऐवजी तिथेच मातीत बसले. त्यांचे नुसते पाय दिसत होते. पायांशी बोलणं सोपं गेलं.

"ते मीठ म्या ठेवलं हुतं."

"ठाव हाय. खण वळखला."

"मंग सायबाला सांगितलं का न्हाई?"

"साऱ्यांम्होरं कसं सांगू? माझी बाई हायेस तू."

चिंधीचा आवाज थांबला होता. मी पदर तोंडात धरला.

"कुणाची नजर काढत हुतीस?" त्यांनी विचारलं. "गाडीची?"

"लाडकीची."

त्यांचे पाय आखडले. मग, "लाडकीची? का?"

"ती तुमाला हसवती. म्या पाह्यलं. काय बोलती ती? नऊ वर्सांत मला एक दात दाखवला न्हाई तुमी!"

"अगं, ती..." खंडेराव म्हणाले आणि थांबले. "तिचा नवरा होडीवर दहा-दहा दिस ऱ्हातो. घरी आला की निस्ता घोरतो. त्याच्या घोरण्याची नक्कल करती ती. समदा किनारा हसतो."

"घोरण्याची?"

आणि मग गाडीखालून एक आवाज आला. आधी बारीक शिट्टी, मग शीड फाटल्यासारखं काहीतरी, मग म्हशीने पाण्यात तोंड घालून फुर्र करावं तसं. माझा नवरा, तीन शब्दांचा माणूस, उताणा पडून एका कोळ्याच्या घोरण्याची नक्कल करत होता. शकू धावत बाहेर आली. त्यांनी पुन्हा केली. आणि स्वतःच हसायला लागले. तेच हसणं, दांडीच्या वाळूतलं. अख्खी गाडी हलत होती.

मीही हसले. हसता हसता डोळ्यांना पाणी लागलं, कारण हे हसणं फुकट होतं. इतके दिवस नुसतं विचारलं असतं तरी मिळालं असतं. मी त्याच्यासाठी दोन खोल्या, एक नळ आणि शकूची शाळा मोजली होती.

हसणं ओसरलं. तेव्हा गाडीखालून त्यांचा तेलाने माखलेला हात बाहेर आला. मला वाटलं चिंधी हवी असेल, म्हणून पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. त्यांनी माझी टाच धरली आणि भेगांमध्ये ते मुशीचं तेल बोटाने भरायला लागले, एकेक भेग, मधेच फुंकर घालून. मला वास सोसत नव्हता. मी पाय काढून घेतला नाही.